२४ किलोबाइटमधला पोटमाळा

बाजारात येणारं कुठलंही यंत्र आपल्याला काय काय येतं याची जाहिरात करत येतं. ग्राफिंग कॅल्क्युलेटर मात्र गेली तीसेक वर्षं खपतो आहे तो आपल्याला काय काय येत नाही याच्या जोरावर. त्याला फोन लावता येत नाही, इंटरनेट दिसत नाही, फोटो काढता येत नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या कॅल्क्युलेटरशी चार शब्द बोलायचे तर मध्ये वायर जोडावी लागते. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला प्रवेश मिळतो तो या नालायकीच्या दाखल्यावरच. अमेरिकेत एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेसाठी तो १९९५ साली सक्तीचा झाला. तिथल्या हायस्कूलच्या पालकांच्या खरेदीच्या यादीत तो आता वह्या-पेन्सिलींच्या शेजारी असतो, पण किमतीनं त्या सगळ्यांच्या डोक्यावर. न्यू जर्सीतल्या मराठी घरांचीही यातून सुटका नाही. 'आलेख काढायला शंभर डॉलरचं यंत्र कशाला, आलेखवही काय वाईट आहे?' एवढं बोलून घेतलं की मुकाट्यानं तो विकत आणायचा, हाच तिथला रिवाज.

या यंत्राच्या पोटात पोरं स्वतःचा एक प्रोग्रॅम बसवतात, त्याला शेल म्हणतात. कंपनीनं दिलेल्या रुक्ष मेनूच्या जागी शेल आपला पडदा मांडतो, आत काय काय भरलं आहे त्याची नीट यादी दाखवतो, आणि बोट ठेवाल तो प्रोग्रॅम चालवतो. गंमत अशी, की यानं यंत्राची ताकद तसूभरही वाढत नाही. मेमरी एका बाइटनंही वाढत नाही. उलट शेल स्वतःच त्यातली थोडी खातो. प्रोसेसर होता त्याच गतीनं चालतो. मुंबईच्या चाळीत पागडीच्या खोलीत राहणारा भाडेकरू मालकाला न विचारता पोटमाळा घालतो, त्यातलाच हा प्रकार. महापालिकेच्या दप्तरी खोलीचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, उभं राहणाऱ्याच्या डोक्याला मात्र नवी अडचण होते, आणि तरीही त्या माळ्यावर चढून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते खालच्या खोलीत कधी दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की शेलकडे सोय म्हणून, खेळ म्हणून किंवा कॉपीचं साधन म्हणून पाहणारे सगळे थोडे थोडे चुकतात. तो मालकीचा दावा आहे. यंत्राचे पैसे पालकांचे, यंत्रातली व्यवस्था कंपनीची आणि त्यात काय चालायचं हे ठरवणार परीक्षा मंडळ. दिवसभर ते हातात धरणाऱ्याच्या वाट्याला फक्त सेल बदलण्याचं काम येतं. शेल आला तो या अन्यायातून.

दावा मांडण्याआधी वादातली जागा किती आहे ते पाहून घेऊ. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८३ प्लस १९९९ साली आला. त्यातला झेड८० प्रोसेसर १९७६ साली बाजारात आलेला, म्हणजे कॅल्क्युलेटर नवा असतानाच त्याचं डोकं तेवीस वर्षांचं होतं. गती ६ मेगाहर्ट्झ. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ६,१४४ ठिपके, आणि तेही एक तर काळे किंवा नसलेले. वापरायला मिळणारी रॅम २४ किलोबाइट. त्याशिवाय सामान ठेवायला १६० किलोबाइटची फ्लॅश मेमरी, जिला अर्काइव्ह म्हणतात. आज मोबाइलवर सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलासकट 'शुभ प्रभात'चा एक फोटो या सगळ्या मेमरीत मावेलच असं नाही. पण पोरांनी त्यात टेट्रिस बसवला, साप बसवला, मारिओ बसवला, आणि उरलेल्या कोपऱ्यात, घरच्यांच्या समाधानासाठी, द्विघात समीकरणाचं सूत्रही बसवलं.

हे सगळं कंपनीच्या मेनूतून चालवायचं म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून एकदा सगळी बटणं दाबून पाहू. असेंब्ली भाषेत लिहिलेला खेळ टीआय-८३ प्लसवर थेट चालत नाही. आधी 'सेकंड' आणि मग शून्य दाबून कॅटलॉग उघडायचा, त्यात 'एएसएम' आणि एक उघडा कंस अशी आज्ञा शोधायची. तिचं नाव ए अक्षरानं सुरू होतं हे नशीब, नाहीतर यादी झेडपर्यंत आहे. ती आज्ञा पडद्यावर आणायची, मग 'प्रोग्रॅम'चं बटण दाबायचं, मोठ्या लिपीतल्या आठ अक्षरांच्या आत कोंबलेल्या नावांतून आपलं नाव ओळखायचं, एंटर दाबायचं, पुन्हा एंटर दाबायचं. एवढं करून जर तो खेळ अर्काइव्हमध्ये ठेवलेला असेल तर यंत्र 'अर्काइव्ह्ड' अशी चूक दाखवून हात वर करतं. म्हणजे आधी मेमरीच्या मेनूत जाऊन त्याला रॅममध्ये आणा, मग वरचं सगळं नव्यानं, आणि खेळून झाल्यावर पुन्हा परत ठेवून या. सरकारी कचेरीत उतारा काढायला जाणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलाला वाटतं. शेल हे सगळं एका बटणावर आणतो. अर्काइव्हमधला प्रोग्रॅम तो स्वतः रॅममध्ये उतरवतो, चालवतो आणि बदललेल्या धावसंख्येसकट जागच्या जागी नेऊन ठेवतो. नावाऐवजी छोटं चित्र आणि एका ओळीचं वर्णन दाखवतो. कंपनीला जे सुचलं नाही ते शाळकरी आणि कॉलेजातल्या मुलांना सुचलं, कारण कंपनीतल्या माणसांना तो कॅल्क्युलेटर भूगोलाच्या तासाला वापरायचा नव्हता.

आता इतिहास. त्यात मालक आणि भाडेकरू यांचे संबंध कसे बदलत गेले तेच मुख्यतः दिसतं. टीआय-८५ हा १९९२ सालचा. त्यात असेंब्ली प्रोग्रॅम चालवायची कंपनीनं काहीही सोय ठेवलेली नव्हती. पण संपूर्ण मेमरीची प्रत काँप्युटरवर काढून ठेवायची आणि परत भरायची सोय होती. कुणाच्या तरी लक्षात आलं, की ही प्रत काँप्युटरवर असताना तिच्यात हळूच फेरफार केला आणि मग ती परत भरली, तर 'कस्टम' नावाच्या मेनूतल्या एका नोंदीतून यंत्राला भलत्याच पत्त्यावर पाठवता येतं, आणि त्या पत्त्यावर आपण बसलेले असतो. यातून १९९४च्या सुमाराला झेडशेल आला. त्याचे प्रोग्रॅम कॅल्क्युलेटरच्या लेखी साध्या अक्षरांच्या माळा होत्या. यंत्राला वाटे, मुलानं काहीतरी मजकूर लिहून ठेवला आहे. प्रत्यक्षात त्या मजकुरात अंतराळातली लढाई चाललेली असे. ही झाली पहिली पायरी: मालकाला पत्ताच नाही. १९९६च्या टीआय-८३मध्ये दुसरी पायरी दिसते. तिथे 'सेंड' या आज्ञेपुढे कंस उघडून ९ हा आकडा आणि प्रोग्रॅमचं नाव दिलं की असेंब्ली चालते. माहितीपुस्तकात याचा उल्लेख नव्हता, पण एवढी सोयीस्कर वाट चुकून राहते यावर कोण विश्वास ठेवेल? मालक बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता. टीआय-८३ प्लसमध्ये तर असेंब्लीची आज्ञा उघडपणे कॅटलॉगमध्येच आली. मग आयन, मिराजओएस, डोअर्स सीएस असे एकावर एक शेल उभे राहिले. डोअर्स सीएसमध्ये तर माउसचा बाण आहे. माउस नसलेल्या यंत्रात, ६,१४४ ठिपक्यांच्या पडद्यावर, चार बाणांची बटणं दाबत तो बाण सरकवायचा. गरजेची इमारत केव्हाच बांधून झाली होती. हा वर चढवलेला हौसेचा मजला.

पहिली हरकत इथेच येते. 'मालकी वगैरे मोठे शब्द कशाला? पोरांना खेळ खेळायचे होते, एवढंच.' हरकत रास्त आहे, आणि शेलमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी पाहिली तर ती सिद्ध करायला साक्षीदारही लागत नाही. खेळांत एक खास बटण असे, त्याचं नाव 'टीचर की'. शिक्षक वळले की ते दाबायचं. खेळ गायब आणि पडद्यावर कंपनीची सोज्वळ मुख्य खिडकी. पण खेळ हेच कारण असतं तर दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली अशी, की खेळ कंपनीनंच दिले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं स्वतः 'पझल पॅक' नावाचं अ‍ॅप दिलं. त्यातल्या ब्लॉक ड्यूड या खेळात एक इवलासा माणूस ठोकळे उचलून रचतो आणि दारापर्यंत पोचतो. खेळ उत्तम आहे, कायदेशीर आहे, आणि बुद्धीला चालना देतो असं पालकांना सांगताही येतं. तरी पोरं तेवढ्यावर थांबली नाहीत. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. शेलमध्ये सगळ्यात जास्त कष्ट खेळांवर घेतलेले दिसत नाहीत, ते मांडणीवर घेतलेले दिसतात. मिराजओएसमध्ये फोल्डर करता येतात. जिथे ठेवायला जेमतेम पाच-सात प्रोग्रॅम असतात तिथे फोल्डर कशाला, हा प्रश्न तर्कानं विचारला तर उत्तर नाही. प्रोग्रॅम लपवायची, त्यांना कुलूप लावायची, यादी वर्णानुक्रमे लावायची सोयही आहे. बेडरूममधली कपड्यांची रास ज्याला वर्षभर दिसत नाही तोच मुलगा इथे तीन खेळ आणि दोन सूत्रं अशा पाच वस्तू दोन फोल्डरांत विभागून ठेवतो. माणूस असा नीटनेटकेपणा दुसऱ्याच्या जागेत करत नाही. जिथे तो कपाटं लावायला लागतो ती जागा त्यानं मनानं आपली धरलेली असते.

दुसरी हरकत गंभीर आहे, आणि ती परीक्षा मंडळांची आहे: शेल हे कॉपीचं साधन आहे. यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. परीक्षेआधी शिक्षक मेमरी पुसायला लावत. त्यासाठी टीआय-८३ प्लसवर 'सेकंड', अधिक, ७, १, २ एवढी बटणं दाबायची. पडद्यावर 'रॅम क्लिअर्ड' अशी दोन शब्दांची कबुली येते आणि शिक्षक पुढच्या बाकाकडे सरकतात. पोरांच्या लक्षात आलं, की शिक्षक बटणं बघत नाहीत, ते दोन शब्द बघतात. तेव्हा तेच दोन शब्द छापणारा प्रोग्रॅम लिहिला की झालं. पण इथे एक अडचण होती आणि ती मोठी सुंदर आहे. या कॅल्क्युलेटरच्या कीबोर्डवरून फक्त मोठ्या लिपीतली अक्षरं उमटतात. कंपनीच्या खऱ्या संदेशात 'क्लिअर्ड' हा शब्द लहान लिपीत आहे. म्हणजे साध्या बेसिक भाषेत केलेली नक्कल सगळी मोठ्या अक्षरांत आरडाओरडा केल्यासारखी दिसणार, आणि डोळस शिक्षिकेला ती पहिल्या नजरेत कळणार. अस्सल दिसायला लहान लिपी हवी. लहान लिपी उघडायला असेंब्लीतला छोटा प्रोग्रॅम हवा. आणि तो चालवायला शेल हाताशी असलेला बरा. खोटी सही करण्यासाठी जो एवढा सुलेखनाचा अभ्यास करतो त्याच्याबद्दल राग येण्याआधी क्षणभर आदर वाटून जातो.

तरीही या हरकतीत एक उणीव आहे. कॉपीसाठी सूत्र साठवायचं तर शेलची गरज कधीच नव्हती. कंपनीच्या स्वतःच्या बेसिकमध्ये, कंपनीच्या स्वतःच्या मेनूतून, कोणीही पाच ओळींत सूत्र लिहून ठेवू शकतो. पुसण्यापासून वाचवायला त्याला अर्काइव्हमध्ये टाकायचं, ती सोयही कंपनीचीच, कारण फक्त रॅम पुसली तर अर्काइव्ह शाबूत राहतो. म्हणजे सगळ्यात सोपी कॉपी ही अधिकृत साधनांनी होणारी कॉपी होती. आणि ज्याला अभ्यास टाळायचा आहे तो असेंब्लीच्या वाटेला जाणार नाही. झेड८०ची असेंब्ली शिकणाऱ्याला सोळाच्या पायातले आकडे यावे लागतात, कोणती गोष्ट मेमरीत कुठे बसली आहे ते पाठ असावं लागतं, आणि एक पत्ता चुकला तर यंत्र गोठतं, सेल काढून घालावे लागतात, आणि मग पडद्यावर 'रॅम क्लिअर्ड' हे तेच दोन शब्द येतात. या वेळी खरे. कॉपीसाठी एवढी मेहनत करणाऱ्यापेक्षा सूत्र पाठ करणारा केव्हाही जास्त आळशी म्हणायला हवा.

परीक्षा मंडळांना यंत्राची खरी ताकद कळते असं म्हणावं तर पुरावाही उलट दिशेचा आहे. टीआय-९२ हा १९९५ सालचा कॅल्क्युलेटर बीजगणित अक्षरांतच सोडवून देई. त्याला काँप्युटरसारखा क्वर्टी कीबोर्ड होता म्हणून एसएटी या अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत त्याला बंदी झाली. १९९८ साली कंपनीनं जवळपास तीच बुद्धी साध्या कीबोर्डच्या चौकटीत भरली, तिला टीआय-८९ असं नाव दिलं, आणि एसएटीनं त्याला आत घेतलं. बीजगणित येतं याला कुणाची हरकत नव्हती, ए अक्षराच्या शेजारी एस बसला होता याला होती. तपासणी यंत्राच्या चेहऱ्याची होते, पोटाची होत नाही. शेलवाल्या पोरांना नेमकं पोट ठाऊक होतं. मंडळांना शेलची भीती वाटते ती त्यातून होणाऱ्या कॉपीपेक्षा या अवघडलेपणातून जास्त: वर्गात यंत्राबद्दल सर्वांत जास्त जाणणारा माणूस पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर बसलेला नाही.

आपल्याकडे हा तंटा उद्भवलाच नाही, कारण आपण मुळावरच घाव घातला. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. जेईईला तर तेही नाही. गेटच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळतो तो परीक्षेच्या काँप्युटरच्या पडद्यावर काढलेला, ज्याला हात लावता येत नाही आणि ज्यात काही भरताही येत नाही. भाडेकरूच नको म्हणून खोलीचं चित्र भिंतीवर टांगावं असा हा तोडगा आहे. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकांवर लॉगरिथमची कोष्टकं, स्लाइड रूल, मोलियर चार्ट, खिशातला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल वापरायला परवानगी असल्याची सूचना वर्षानुवर्षं छापली जाते. स्लाइड रूल ज्यांनी पाहिलाही नाही अशा मुलांना तो वापरायची मोकळीक देण्याइतकं औदार्य जगात दुसरीकडे सापडणार नाही. पण मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत आयबी डिप्लोमाच्या गणिताला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. परीक्षेपुरतं यंत्राला बांधून ठेवायची खास अवस्थाही त्याच्याबरोबर येते. फ्रान्समध्ये तर या अवस्थेत कॅल्क्युलेटरच्या माथ्यावरचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणजे पर्यवेक्षकाला लांबूनच दिसावं की हे यंत्र सध्या परीक्षा मंडळाच्या ताब्यात आहे. मालक कोण या प्रश्नाचं इतकं उघड उत्तर कंपन्यांनी दुसरं दिलेलं नाही.

तिसरी हरकत काळाची आहे. 'आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, एसएटीही काँप्युटरवर होते आणि तिथे आलेख काढायला डेसमॉस पडद्यावरच मिळतो. मग २४ किलोबाइटच्या यंत्रात शेल टाकण्याचा खटाटोप अजून कुणी का करावा?' खेळ हे कारण असतं तर खरोखरच कुणी करायला नको होता. मोबाइलवर खेळांना तोटा नाही. पण मोबाइलमध्ये मालकी किती आहे? तिथे काय बसवायचं ते अ‍ॅपचं दुकान ठरवतं, रात्रीतून मांडणी बदलते, आणि सकाळी उठल्यावर आपलंच बटण आपल्याला शोधावं लागतं. जुन्या कॅल्क्युलेटरच्या बाबतीत एका चिकाटीच्या मुलाला प्रत्येक बाइटचा हिशोब देता येतो. एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावेल असं यंत्र आता फारसं उरलेलं नाही, आणि जे डोक्यात मावतं तेच खऱ्या अर्थानं आपलं होतं. म्हणून २०१५ साली टीआय-८४ प्लस सीई रंगीत पडदा आणि ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड८० घेऊन आला तेव्हा त्याच्यासाठीही सीझियम नावाचा शेल निघाला. जागा मोठी झाली, तरी माळा घालायची खोड गेली नाही.

मालकीचाच हा वाद होता याचा सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द कंपनीच्या वागण्यात सापडतो. कॅल्क्युलेटरमध्ये कोणती मूळ प्रणाली चालेल हे एका डिजिटल सहीवर ठरतं. टीआय-८३ प्लसची सही ५१२ बिटांच्या एका संख्येवर उभी होती. दशमान पद्धतीत ती १५५ अंकी होते, आणि तिचे दोन मूळ अवयव सापडले की सही कुणालाही करता येते. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव १९९९ साली पहिल्यांदा पाडले गेले तेव्हा संशोधकांच्या पथकाला शेकडो काँप्युटर आणि कित्येक महिने लागले होते. २००९ साली एका हौशी माणसानं ते घरच्या एका काँप्युटरवर ७३ दिवसांत पाडले. बाकीच्या कॅल्क्युलेटरांच्या संख्या पुढे अनेकांनी आपापले काँप्युटर जोडून वाटून घेतल्या. अवयव पाडा हा आपल्याकडे शाळेतल्या पुस्तकातला सर्वांत कंटाळवाणा प्रश्न; तो कुणी ७३ दिवस आपणहून सोडवला याबद्दल खरं तर गणिताचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं पेढे वाटायला हवे होते. तिनं कायदेशीर नोटिसा वाटल्या. डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संस्था पोरांच्या बाजूनं उभी राहिली, आणि संख्या तोपर्यंत जगभर पोचल्या होत्या. शेलला या सहीची गरज नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेलवाला फक्त माळा घालत होता. पण 'ही जागा कुणाची' हा प्रश्न एकदा विचारला की कुणीतरी मूळ दस्तऐवजापर्यंत जाणारच.

मग २०२० साली कंपनीनं निर्णायक पाऊल उचललं. टीआय-८४ प्लस सीईच्या नव्या प्रणालीत असेंब्ली आणि सी भाषेतले प्रोग्रॅम चालवायची सोयच काढून टाकली. कारण दिलं परीक्षेच्या सुरक्षिततेचं. जी आज्ञा वीस वर्षं कॅटलॉगमध्ये पहिल्या पानावर होती ती निरर्थक झाली, आणि ज्यांनी यंत्र विकत घेतलं होतं त्यांच्या हातातलंच यंत्र, त्यांनी प्रणाली अद्ययावत केल्याबरोबर, पूर्वीपेक्षा कमी कामाचं झालं. विकून झालेल्या मालातून एक गुण परत काढून घेता येतो आणि ग्राहकाला विचारावंही लागत नाही, यापेक्षा मालकी कुणाची आहे याचा वेगळा दाखला कुठला द्यायचा? आता सीईवर शेल चालवायचा तर आधी कुलूप काढणं आलं, आणि त्यासाठी त्याच वर्षी 'आर्टिफाइस' नावाचा प्रोग्रॅम निघाला. तो कॅल्क्युलेटरमध्ये शिरला कॅब्री ज्युनिअरमधून. कॅब्री ज्युनिअर हे कंपनीनं दिलेलं भूमितीचं अ‍ॅप. त्रिकोण काढा, वर्तुळ काढा, कोन मोजा, यासाठी ते दिलेलं होतं, आणि त्याच्या फाइली उघडण्याच्या पद्धतीत एक फट राहून गेली होती. म्हणजे खेळायचं असेल तर आधी भूमितीचं अ‍ॅप उघडायचं, त्यातली फाइल उघडायची, आणि मग पुढचं. भूमितीकडे मुलांनी आपणहून वळावं म्हणून अभ्यासक्रम समित्यांनी आजवर जेवढे अहवाल लिहिले असतील, त्यातल्या एकालाही हे साधलं नव्हतं. ते त्या बंदीला साधलं. तेव्हा परीक्षा मंडळांनी खरोखरच मुलांचं गणित सुधारायचं मनावर घेतलं असेल, तर माझी त्यांना एकच नम्र सूचना आहे: त्यांनी कॅल्क्युलसवरही अशीच कडक बंदी घालून पाहावी.